खिळा

साउनाच्या बाहेरची खोली, जिथे टॉवेल वाळतात,
तिथे माझं टेबल. घरात तेवढीच ऊब,
आणि नोव्हेंबरात तीन वाजताच तलाव काळा होतो.
ॲम्प्लिफायर जुन्या कांबळ्यावर उताणा.
अठरा किलो. झाकणाला आठ स्क्रू,
एक कधीचा हरवलेला, म्हणजे सात.
आत सिगारेटच्या धुराचा पिवळा चिकट थर
आणि ट्रान्सफॉर्मरला टेकून निजलेली
एक माशी, बहुधा सत्तरच्या दशकातली.

हा आमच्या कामगार सभागृहाचा.
शनिवारी टँगो. कागद कारखान्यातली माणसं,
आठवडाभर एकमेकांशी दहा शब्द न बोललेली,
याच्या आवाजावर गालाला गाल लावून फिरायची.
मी भिंतीशी. वीस वर्षांची.

फ्यूजची टोपी फिरवली,
तर काचेची नळी नाहीच.
खिळा. दोन इंची, चॉकलेटच्या चांदीत गुंडाळलेला.

तेव्हा आवाजाचं सगळं ओइवा बघायचा.
आता तो वृद्धाश्रमात, उजवा कान गेलेला.
फोन केला. म्हणाला, "खिळा? मी? शक्य नाही."
मग बराच वेळ काहीच नाही.
आमच्याकडे फोनवरही गप्प बसता येतं.
मग, "उजेडाची रात्र होती, इर्या. जून.
दुकानं बंद, दोनशे माणसं मधेच थांबलेली,
पाय उचललेले तसेच.
वेळ मारून नेली, झालं."

मला ती रात्र आठवते.
गाणं तुटलं आणि तौनो माझ्याकडे आला,
म्हणाला, बाहेर डास कमी आहेत.
आम्ही पायरीवर बसलो.
त्याने विचारलं, तू कारखान्यात नक्की काय करतेस,
आणि मी मोटर कशी गुंडाळतात ते सांगायला लागले.
तो ऐकत होता. खरंच ऐकत होता.
आणि आतून टँगो सुरू झाला.
तौनोने आधीच कुणाला तरी शब्द दिला होता.

फ्यूज आणायला गावात जाऊन यायचं
म्हणजे पंचेचाळीस मिनिटं.
मोटरबद्दल माझ्याकडे बरंच सांगण्यासारखं होतं.

असो.
जुने कपॅसिटर काढले, काकडीएवढे,
एकाच्या बुडाशी तपकिरी डिंक.
नवे अंगठ्याएवढे, आणि क्षमता दुप्पट.
स्पीकर वाचवणारा रिले घातला, अर्थिंगची तार घातली
जी तेव्हा कुणालाच गरजेची वाटली नव्हती.
आउटपुट ट्रान्झिस्टर मूळचेच ठेवले.
हेलसिंकीहून आलेल्या साहेबांनी
चांगलं चाललेलं मशीन बदलून
कारखाना कसा बंद पाडला, ते पाहिलंय मी.

मग साठ वॅटचा दिवा मधे जोडून वीज दिली.
दिवा भक्कन पेटला. श्वास धरला.
मंदावला. म्हणजे जगला.

बंद करून पुन्हा आत शिरायचं तर
आधी कपॅसिटर रिकामे करायचे,
क्षणभराची वीजही ते धरून ठेवतात.
आणि एक हात खिशात.
पहिल्याच दिवशी फोरमनने बजावलं होतं:
दोन्ही हात घातलेस, पोरी,
तर विजेच्या वाटेत काळीज लागतं.

शेवटी बायस. ट्रिमर केसभर फिरवायचा
आणि थांबायचं. बावीस मिलिव्होल्ट, एकवीस,
बावीस, तेवीस, परत एकवीस,
नाचायला विचारू की नको करणाऱ्या पोरासारखा
आकडा घुटमळत राहतो.
गरम होऊ दिलं. घाई नव्हती.
रात्री साडेअकराला बावीसवर बसला.

आता आत काचेचा फ्यूज आहे, तीन अँपिअर.
पुन्हा कधी जास्त झालं
तर हा मरेल, गाणं थांबेल,
लोकांना बाहेर पायरीवर बसावं लागेल.

खिळा सरळच होता.
दाराशेजारी भिंतीत ठोकला.
त्यावर टॉवेल टांगून
रेडिओ जोडला, तर गाणं नव्हतंच.
समुद्राचं हवामान वाचत होती एक बाई,
वारा नैऋत्येकडून, आठ मीटर, दृश्यता चांगली,
इतकी जवळ,
की तिने पान उलटलेलं ऐकू आलं.