जादा ट्यूब

इरावतीचा चेहरा विचाराल तर नीट सांगता येणार नाही,
टाचा मात्र कुठंही ओळखीन.
तीन वर्षं, पहाटे साडेपाचला,
टिळक टँकच्या हिरवट पाण्यात
त्यांच्याच मागे पोहले.
डावीवर खिळा लागल्याची जुनी खूण.

बोपदेव चढतानाही तीच पुढे.
वर सायकल टेकवून वाट बघायची,
आणि भेळेतून मिरच्या वेचाव्यात
तशा शिव्या वेचून वेचून द्यायची मला.
मग चहा. पैसे माझे.

शर्यतीच्या आदल्या रात्री
माझ्याकडे जादा ट्यूब नव्हती.
तिनं स्वतःची दिली.
"घे गं, माझं नशीबच ट्यूबलेस आहे."

पानशेतच्या रस्त्यावर, बाविसाव्या किलोमीटरला
ती उभी होती, मागचं चाक हातात.
माझ्या सीटखालच्या पिशवीत तिची ट्यूब.
नियमात मदत बसत नाही बहुतेक,
असं पुढचे चार किलोमीटर
स्वतःला सांगत राहिले.
धावताना पाय शिशाचे झाले.
सायकलनंतर होतातच, म्हणतात सगळे.

ती टेम्पोतून आली, फळीवर पाय सोडून.
माझ्या गळ्यातलं उलटं पदक सरळ केलं,
"थांबली असतीस ना, तर बोललेच नसते तुझ्याशी,"
म्हणाली,
आणि माझं केळं अर्धं मोडून घेतलं.

मंगळवारी टँकवर ट्यूब परत दिली.
तिनं घेतली, बॅगेत टाकली,
चष्मा लावून पाण्यात उतरली.
त्या दिवशी तिच्या टाचा
नेहमीपेक्षा जरा लवकर
दिसेनाशा झाल्या.