पायातली कडी

येरो वल्हं उचलून धरतो,
थेंब गळू देतो.
"आता बोलू नका."

सेनेगल नदी इथं रुंद, आळशी.
पाणकणसांआड तलवार बदकं,
हजारो,
काळसर ठिपक्यांचा नुसता गलबला.
"युरोपातून येतात," तो कुजबुजतो,
"तिकडची थंडी सरली की परत."

गेल्या साली त्याला एक मेलेलं सापडलं.
पायात कडी, कडीवर आकडे.
कार्यालयात द्यायची असते, दिली नाही.
बायकोच्या किल्ल्यांच्या जुडग्यात आहे.

थोरला उत्तरेला गेला, रात्री, होडीतून.
त्याच्या पायात मात्र
काहीच नव्हतं.

एकदम पेलिकन उठतात,
होडी डुलते, मी काठ धरते.
येरो हात पुढे करतो:
"द्या जरा ती दुर्बीण."
आणि आधी काच पुसतो,
सदऱ्याच्या टोकानं,
बराच वेळ.