क गट

संघटनेचं ऑफिस म्हणजे एक लोखंडी कपाट.
शरणपूर रोडला, चर्चच्या हॉलमागे,
खुर्च्या रचून ठेवतात त्या खोलीत.
किल्ली पाटोळे सरांकडे असायची. ते गेल्यावर
त्यांच्या मुलीनं ती माझ्या हातात दिली,
सोबत एक शिट्टी आणि अर्धी डबी बाम.

प्रेसमध्ये एकतीस वर्षं नोटा तपासल्या मी.
चुकलेली नोट डोळ्याआधी अंगठ्याला कळायची.
आता खेळाडूंचे फॉर्म तपासतो.
जन्मतारखा चुकलेल्या असतात,
अंगठ्याला कळतं,
मी पुढचा फॉर्म घेतो.

कपाटात घटना आहे, एकोणऐंशी सालची, सायक्लोस्टाइल केलेली.
तीत तीन गट : अ, ब, क.
वरच्या गटातला शेवटचा खाली जाईल,
खालच्यातला पहिला वर येईल.
सरांनी स्वतः बसून टाइप केलेलं,
जणू जिल्हा नाही, एखादा देश चालवायचाय.
तसे आपण साठ लाख, ते म्हणायचे,
याहून कमी माणसांचे देश वर्ल्डकप खेळून येतात रे,
आणि मग पंचांच्या चहाचे पैसे कोण देणार
यावर यायचे.

अ गटात पाच संघ.
नाशिकरोडचा, देवळालीचे दोन, सातपूरच्या कामगारांचा,
आणि जुन्या नाशकातला मुख्तार कोकणीचा,
त्यात अकराही सख्खे-चुलत, बदली खेळाडू मेव्हणा.
ब गटात तीन. त्यातला एक शाळेचा,
सहामाही आली की गायब.
क गट
नाही.
कधीच नव्हता.

म्हणून दरवर्षी 'ब'मधला शेवटचा
नियमाप्रमाणे खाली जायचा,
आणि खाली कुणीच नाही म्हणून
क गटात पहिला येऊन परत वर.
सर हे सगळं रजिस्टरात लिहीत, शाईच्या पेनानं.
सामने : शून्य. गोल : शून्य. विजेता : अंबड युनायटेड.
अंबडनं असा क गट नऊ वेळा जिंकला.
एकदा त्यांच्या कॅप्टननं चषक मागितला.
सरांनी दिला.

यंदा नोंदणीच्या शेवटच्या दिवशी, साडेपाचला,
मी कपाट लावत होतो,
तर पेठच्या एसटीनं आलेल्या चार मुली दारात.
पुढची सुंदरा भोये. रुमालात फी,
पाचशे, सगळी दहा-वीसची.
सवयीनं दोनदा मोजली. बरोबर होती.
घटनेत 'खेळाडू' एवढंच लिहिलंय,
पुरुष हा शब्द कुठेच नाही.
सर विसरले, की त्यांनी मुद्दाम सोडला,
विचारायला आता कोणी नाही.

फॉर्मवर रकाना : संघाचं मैदान.
तिनं लिहिलं, आमचं खाचर, भात कापल्यावर.
प्रशिक्षक : हा बराच वेळ कोरा.
मग मान वाकडी करून,
आश्रमशाळेचा टीव्ही.

क गटाचं पान चिकटलेलं होतं, ब्लेडनं सोडवलं.

पहिला सामना गोल्फ क्लबच्या कोपऱ्यात,
क्रिकेटवाल्यांनी सोडलेल्या पट्टीत.
फक्की मीच मारली, मधली रेघ जरा गंगापूर रोडकडे गेली.
अंबडचा कॅप्टन, आता पोट सुटलेला,
टॉसला येताना कापडी पिशवीत चषक घेऊन आला.
"असू द्या तुमच्याकडे," म्हणाला, "काही सांगता येत नाही."

सहा-एक.
मुलींचा एक. सुंदरानं मारला की दगडानं वळवला,
यावर अजून वाद आहे.
अंबडचा गोलकीपर म्हणतो दगड,
तिच्या मैत्रिणी त्याच्याकडे बघतही नाहीत.

रजिस्टरात गोलांच्या खाली सात लिहिताना
पेन दोनदा झटकावं लागलं.
आणि पेठची शेवटची गाडी साडेसहाला,
म्हणून शिट्टी आठ मिनिटं आधी वाजवली.
घटनेत असं कलम नाही.
समासात लिहून ठेवलंय,
पेन्सिलीनं.