चित्र आहे, उजेड नाही

पुलावर चढलं की पडदा जातो.
नेहमी तिथंच. दार करकरतं, नगारा सुरू होतो,
राक्षसाचा पहिला पाय दिसतो
आणि काळं.

पंखे मात्र भणाणत असतात.
कीबोर्डचे लाल-निळे दिवे चालू,
कानात तलवारी, आणि गोंदियाहून हर्षल उके:
"काऊन वं तृणाली, झोपली का? मार ना!"
मी मारते. अंदाजानं. अंधारात.
मेले तर आवाजावरून कळतं.

बाहेर सेहेचाळीस. मानेवाडा चौकातलं डांबर
रात्री नऊलाही चपलेला चिकटतं.
कूलर दोन बादल्या पिऊन परत कोरडा.

करायचं ते सगळं करून झालं.
ड्रायव्हर काढला, नवा टाकला, तो काढून जुना टाकला.
ग्राफिक्स उतरवत गेले:
आधी झाडांच्या सावल्या गेल्या,
मग पाण्यातलं आभाळ,
मग राक्षसाच्या अंगावरचे केस.
पडदा तरी गेलाच.
खाली ड्रॉइंगच्या दोन जाड वह्या सरकवल्या,
चार वर्षांत पहिल्यांदा कामाला आल्या.
कूलरसमोर ठेवला तर बाबा आतून ओरडले,
"दमट हवा आहे ते! मशीनले पाणी कायले पाजतेस?"
तापमान बघितलं, ब्याऐंशी.
एवढ्यानं काही मरत नाही हा.

बर्डीवरच्या डोर्लीकरनं झाकणसुद्धा न उघडता सांगितलं,
"मदरबोर्ड. बावीस हजार."
मी लॅपटॉप छातीशी धरून शेअर ऑटोत बसले,
लहान मुलाला दवाखान्यातून परत आणतात तशी.

बाबा एकतीस वर्षं लाइनमन.
खापरखेड्यापासून उमरेडपर्यंत खांब नावानं ओळखणारे.
माझ्या लॅपटॉपला त्यांनी कधी हात लावला नव्हता.
त्या रात्री बनियनवरच शेजारी येऊन बसले.
"खेळ," म्हणाले.
खेळले. पूल. नगारा. काळं.
"थांब. बंद नको करू."

विजेरी आणली, तीच, खांबावरची, पट्ट्याला दोरी बांधलेली,
आणि काचेवर तिरपी धरली.

दिसलं.
विहिरीच्या तळाशी पडलेलं भांडं दिसतं
तितपत फिकट,
पूल, धुकं, त्याचे खांदे,
आणि मी, बोटभर उंचीची, ढाल वर धरून.
सगळं जिथल्या तिथं चालू होतं,
माझ्यावाचून.

"चित्र आहे," बाबा म्हणाले. "उजेड पोचून नाही राहिला.
बोर्ड कायचा खराब? तार पाहा."

मग बिजागरी. पडदा बोटभर पुढं ओढला: लख्ख.
मांगं: काळं.
पुढं. मांगं.
"उन्हाळ्यात तार लांबते. लांबली का घासते.
पण तुही तार पुलावरच काऊन घासते, ते सांगू?"
त्यांनी विजेरी विझवली.
"तो आला का तू पडदा मांगं ढकलून राहिली.
दोन्ही अंगठ्यानं. मी तुलेच पाहून राहिलो होतो."

मला माहीत नव्हतं.
तेवीस वर्षांची मी, दोनशे तास त्या पुलावर,
आणि घाबरले की
आपण समोरचं दूर सारतो
हे माझ्या अंगठ्यांना ठाऊक, मला नाही.

केबल साडेआठशेला आली. बसवायला
भुवयांचा चिमटा लागला आणि एक स्क्रू शेवटी उरलाच.
तो अजून देवघरातल्या वाटीत आहे.

पडदा आता जात नाही.
लख्ख उजेडात राक्षसानं मला
लागोपाठ तीनदा मारलं.
हर्षल म्हणाला, "अंधारात बरी खेळून राहिली होती तू."

बाबा खुर्चीवरच होते, विजेरी मांडीवर.
"अजून एकदा," म्हणाले,
आणि पडद्याकडे नाही,
माझ्या अंगठ्यांकडे बघत राहिले.