पाटी

वेदरस्टोच्या बाजारचौकात एके काळी
तहानेला सव्वीस दारं उघडी होती.
आता दोन. त्यातलं एक मंगळवारी बंद असतं.

मी पाट्या रंगवते. आधी बाप रंगवायचा,
त्याच्या हाताला कंप सुटला तेव्हा मी शिडीवर चढले.
आज मात्र रंगवायला नाही, उतरवायला बोलावलंय:
'पांढरं हरिण' मिटलं, तिथे दातांचा दवाखाना होणार.

तसं ते पांढरं कधी नव्हतंच.
चुलीच्या धुराने, मेंढरांच्या बाजारातल्या धुळीने
सायीसारखं पिवळट.
बापाने शिंगांना चौदा टोकं काढली होती;
मालक म्हणाला, बारा पुरेत,
टोकागणिक पैसे मी देणार नाही.

आडवी ठेवली तर कोपऱ्यातून पापुद्रे सुटले.
हरणाखाली मेंढा.
मेंढ्याखाली कुणा दर्यासारंगाचा निळा खांदा,
त्याने जिंकलेली लढाई गावात कुणालाच आठवत नाही.
आणि पाटी निघाली तिथे, तुळईत, एक गंजका खिळा,
फांदी टांगायचा,
अक्षर न येणाऱ्यांना कळावं म्हणून:
आज घरात बिअर उतरलीय.

लंडनची घोडागाडी रात्री दीडला यायची.
ओबाडाया प्लमली, तबेल्यावरचा,
कर्णा वाजायच्या आधीच टापा ओळखायचा,
दमलेले चार सोडून ताजे चार जुंपायचा.
तेवढ्यात उतारूंनी रस्सा प्यायचा, उकळता.
मुद्दाम उकळता.
म्हणजे अर्धा वाडग्यात उरे
आणि पुढच्या गाडीला वाढता येई.

मग रेल्वे आली, गावापासून पाऊण मैलावर.
बँड लावून स्वागत झालं,
ओबाडायानेही टाळ्या वाजवल्या.
पुढच्या वर्षी तबेल्यात कोंबड्या होत्या.

नदीकडच्या गल्लीत 'गप्प बाई' होतं.
पाटीवरच्या बाईला मुंडकं नव्हतं,
हाच विनोद, दोनशे वर्षं चाललेला.
ती पाटी माझ्याकडे आली तेव्हा मी तिला डोकं दिलं,
भुवया जरा उचललेल्या.
मालकाने पैसे कापले.
गिऱ्हाइकं म्हणाली, ही आमच्याकडे बघते.
ते दुकान पुढे बुडालं,
आणि खापर अर्थातच माझ्या डोक्यावर फुटलं,
म्हणजे तिच्या.

हरणाच्या घरात आणखी एक पाटी आहे.
आतली, काळी, दगडी. उधारीची.
विधवा केझाया टॅपस्कॉटने नवऱ्यामागे
एकतीस वर्षं ती राखली.
परवाना तिच्या नावावर करताना मॅजिस्ट्रेटने विचारलं,
बाई, मारामाऱ्या कोण सोडवणार?
ती म्हणाली, साहेब,
ज्याची उधारी माझ्या भिंतीवर आहे
तो माझ्यासमोर हात उचलत नाही.

तिच्या नातसुनेच्या हातची शेवटची अक्षरं
एकोणीसशे सोळाच्या उन्हाळ्यातली.
पर्सी गॉटोबेड, तीन पाइंट.
क्लेमंट रसब्रिज, एक पाइंट आणि तंबाखू.
धाकटा फेनिमोर, अर्धाच,
कारण त्याची आई खिडकीतून बघत होती.
एकूण नऊ नावं.
परत आले की देतील, म्हणून तिने पुसलं नाही.
नंतर मग पुसता येईना,
तेव्हा वर काच बसवली.

डॉक्टर चांगला माणूस आहे, तरुण, हात गरम.
म्हणाला, एवढी एक पाटी कोरी करून द्याल?
अपॉइंटमेंटच्या वेळा लिहीन म्हणतो.

मी म्हटलं, बघितलं मी,
खडू दगडात मुरलाय, निघत नाही.

काचेचे चारही स्क्रू
मी अजून सैलसुद्धा केले नव्हते.