मागची सीट

फोंडा–काणकोण बत्तीस वर्षं बस चालवून
गुणाजी निवृत्त झाला,
आणि चौथ्या महिन्यात भंगारातून एक मिनीबस घेऊन आला.
फणसाखाली उभी केली. सीटा उपटल्या.
कुडचड्याच्या कायतानने मागे लोखंडी चौकट जोडून दिली
माझी स्कूटर टांगायला.
माझीच म्हणते. तिच्यावरून मी अठ्ठावीस वर्षं
बोरी-शिरोड्यात टपाल वाटलंय.

आता रोज जेवणं आटोपली की
जुन्या कॅलेंडरची कोरी बाजू टेबलावर.
तो लिहितो:
५.४० बोरी सुटणे.
६.३५ केपे. चहा, दहा मिनिटं.
७.२० करमल घाट.
मी विचारते, घाटात कोण चढणारेय रे?
तो पेन्सिल चावतो.
मी खोडरबराने आकडे पुसते, गावं तेवढी ठेवते.
"वेळच नसेल," तो म्हणतो,
"तर पोचलो हे कळणार कसं?"

माझी यादी वेगळ्या कागदावर.
लहान सिलिंडर. उकडे तांदूळ. खोल्याची मिरची.
सुकी सुंगटं, घट्ट झाकणाच्या डब्यात,
नाहीतर सहा दिवस गाडीतच बाजार.
पाण्याची टाकी साठ लिटर.
आंघोळीचं काय, म्हणतो.
कुणाच्या तरी विहिरीवर, विचारून.
पत्ता विचारत दारात आलेल्याला
लोक आधी पाणी देतात,
एवढं मला नोकरीनं शिकवलंय.

मोठी गाडी गालजीबागला, सुरूंच्या सावलीत.
तिथून पुढे स्कूटर,
जिथे बस जात नाही तिथे.
त्याला रस्ता ठाऊक आहे तो उंचावरून, काचेतून:
वळण, खड्डा, हात दाखवणारी माणसं.
आगोंदचा फाटा त्याने हजारदा मागे टाकला.
डोक्यावर टोपली घेऊन फाट्यावर उतरायची एक बाई, दर शुक्रवारी.
ती पुढे कुठे जायची,
त्याला बघायचंय.
हे त्याने कॅलेंडरवर लिहिलेलं नाही.
दिवा मालवल्यावर सांगितलं.

पण दोन चाकांना तो घाबरतो.
रविवारी मागे बसवून नेलं, नवदुर्गेच्या देवळापर्यंत.
उतारावर हवेतच पाय दाबत होता, ब्रेक शोधत.
वळण आलं तसे माझे खांदे धरून फिरवले
स्टिअरिंगसारखे.
आम्ही थेट बांधावर.
चिखल झटकत मी म्हटलं, सैल बस रे.
तुझ्या मागे पन्नास पन्नास माणसं सैल बसली,
झोपली, घोरली,
कुणी तुझा खांदा धरला का?
त्याने बराच वेळ विचार केला.
"एक शाळकरी पोर धरायची," म्हणाला,
"ओकारी आली की."

काल रंगीत तालीम. रात्र गाडीतच काढायची, अंगणात.
टाकी गळली.
फळी वीतभर आखूड निघाली,
त्याचे पाय दाराबाहेर, मांजर त्यांना हुंगून गेलं.
कुंपणापलीकडून फिलोमेना ओरडली,
"खंय पावलीं गे?"
त्याने पडल्या पडल्या जुना आवाज काढला:
"केपें! धा मिनटां, चाय!"
आणि हसता हसता त्याला उचकी लागली.

स्वयंपाकघरातला दिवा चालूच राहिला होता.
जा तू. नाही, तू जा.
कुणीच उठलं नाही.
फणसाच्या पानांतून तो दिसत होता,
कुणातरी अनोळखी माणसांचं घर असावं तसा,
जिथे सकाळी जाऊन
पाणी मागता येईल.