फक्की

पहाटे पाचला मी कोर्टाला पाणी मारतो.
गंगापूर रोडवर तेव्हा कुत्रीच जागी असतात.
लाल माती आधी पाणी गिळते, मग चकाकते,
मग रोलर, मग दोरी ताणून फक्कीच्या रेघा.
तेवीस वर्षं झाली. रेघ वाकडी गेली नाही.

सहाला गाड्या लागतात.
कुणाचा पार्टनर झोपून राहिला की
हाडांचे डॉक्टर सोनजे हाक मारतात :
"पुंजाराम, ये रे, दोन गेम."
चपला काढून जातो.
बॅकहॅण्ड बरा आहे म्हणतात माझा.
किती हरायचं ते मला कळतं.
दोन गेमचे तीन कधी होत नाहीत.

जुने चेंडू बादलीत साठतात,
अंगावरची लव गेलेले.
दहाला एक, सिडकोतली पोरं नेतात.
टेनिस बॉल कुणाला माहीत नाही या गावात?
पंक्चरवाल्याच्या पोरापासून
नगरसेवकाच्या चषकापर्यंत
सगळे टेनिस बॉलवरच खेळतात
क्रिकेट.
फाटलेली नेट मी घरी नेली एकदा,
बायकोनं ती कारल्याच्या वेलाला दिली.
कारली चांगली आली.

फेब्रुवारीत एक रिक्षावाला आला फाटकाशी,
खाकी शर्ट, बिल्ला, मागे मुलगी.
नाव विचारलं तर म्हणाली,
"प्रणोती शिरसाठ, सहावी ब."
हातात बॅडमिंटनची रॅकेट, दोन तारा तुटलेल्या.
"साहेब, शिकायला काय पडतं?"
मला साहेब म्हणणारा तो पहिलाच.
आकडे पाठ आहेत, सांगितले.
तो म्हणाला, "वर्षाचे ना?"
म्हणालो, महिन्याचे.
रॅकेट वेगळी.
बूट वेगळे, साधे चालत नाहीत, माती उखडते
(हे मी अनवाणी उभा राहून सांगत होतो).
गट तुटली की, आणि ती तुटतेच, तिचे वेगळे.
पुण्याला स्पर्धेला जायचं तर एस.टी., मुक्काम, एन्ट्री.
तो हां हां करत राहिला,
लांबचं भाडं ऐकून गिऱ्हाईक करतं तसं.
मग म्हणाला, "बघतो."
आमच्यात "बघतो" म्हणजे काय
हे पोरींना फार लवकर कळतं.
ती तोवर नेटकडे बघत उभी.
बादलीतला एक चेंडू दिला तिला.
पैसे घेतले नाहीत.
एवढ्यानं काही होत नाही, मला माहीत आहे.

दिवाळीनंतर कामटवाड्याला मेहुण्याकडे गेलो,
तर पाण्याच्या टाकीमागून आवाज,
ठक्. थांबा. ठक्.
क्रिकेटचा नाही तो.
तेवीस वर्षं ऐकतोय.

खोक्याची फळी, मुठीला सायकलची ट्यूब गुंडाळलेली.
समोर भिंत, भिंतीवर पोलिओच्या डोसाची जाहिरात,
तिच्यावरून आडवी खडूची रेघ.
भिंतीचं बरं असतं,
फी मागत नाही, पार्टनर झोपला म्हणत नाही,
दिलेलं सगळं परत करते.
हरत मात्र नाही कधी, एवढीच तिची खोड.

रेघ बघून मी जागीच थांबलो.
मधोमध ती जरा खाली आलेली.
नेट मध्यावर सहा इंच खाली असते,
पट्टा ओढून मी रोज मोजतो.
वीस वीस वर्षं खेळलेल्या मेंबरला विचारा,
सांगता यायचं नाही.
हिनं फाटकाबाहेरून पाच मिनिटांत,
बाप आकडे ऐकत होता तेवढ्यात.

हाक मारणार होतो.
काय सांगणार होतो, ते सुचेना.

एक चेंडू रेघेखाली लागला, थोडकाच.
कुणी नव्हतं बघायला.
ती स्वतःशीच मोठ्यानं म्हणाली, "नेट",
पॉइंट भिंतीला दिला,
आणि एकच चेंडू असल्यामुळे
तो गटारीत जायच्या आत
त्याच्यामागे पळाली.